एका लाईनवर दोघं

आमच्या घरात इंटरनेटची एकच वायर येते. गॅलरीतून, दाराच्या चौकटीवरून, पोटमाळ्याच्या कडेकडेने खाली उतरून ती भिंतीवरच्या राउटरला मिळते. राउटरमधून दोन वायरी निघतात. एक बाबांच्या कॉम्प्युटरला, दुसरी माझ्या गेम कन्सोलला. वायफाय आहे, पण चाळीतल्या प्रत्येक खोलीत एकेक राउटर असल्यामुळे ते धड चालत नाही. मोठा प्लॅन या लाईनवर मिळत नाही. दुसरा केबलवाला यायला तयार नाही, कारण चाळ पाडायची आहे आणि पाडायच्या चाळीत कोणी नवी वायर टाकत नाही. चाळ पाडायची आहे, हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे.

लालबागमधली ही खोली लांबट आहे. दारापाशी बाबांचं टेबल, मध्ये दिवाण, आतल्या भिंतीला टीव्ही, त्यापलीकडे ओटा आणि मोरी. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले की त्यांच्या पाठीमागे अख्खी खोली येते. ही मांडणीच पुढच्या सगळ्या प्रकरणाचं कारण आहे.

बाबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं, आणि ते आधीपासून त्यांचंच होतं: आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचं चिटणीसपद. कोकणातल्या बऱ्याच गावांचं असं मंडळ मुंबईत असतं. देवळाचं छप्पर कधी शाकारायचं, शिमग्याला पालखी कुठल्या वाटेने न्यायची, विहिरीचा पंप कोण दुरुस्त करणार, हे गावात कमी आणि लालबाग-परळच्या खोल्यांत जास्त ठरतं. मंडळाचा नियम घरटी एक सभासद. सभासद पुरुष असतो. नियमात तसा शब्द नाही. घालायची कोणाला गरज वाटली नाही.

पूर्वी सभा आमच्या खोलीत व्हायची. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चारला. चपला गॅलरीत, माणसं आत. दिवाणावर, जमिनीवर, पोटमाळ्याच्या शिडीवरसुद्धा. आई आणि मी ओट्याशी चहा करायचो, कप फिरवायचो आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहायचो, कारण आत बसायला जागा नसायची. परीक्षेचं पुस्तक हातात घेऊन मी त्या गॅलरीत उभी राहिले आहे. नोकरी लागल्यावर, आठवड्याच्या एकमेव सुट्टीच्या दिवशी, मोबाईल हातात घेऊन उभी राहिले आहे. आत काय ठरतं ते ऐकू यायचं. आपलं मत विचारलं जाईल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

मग लोकांचं एकत्र जमणं बंद झालं आणि सभा कॉम्प्युटरवर आली. लोकांचं जमणं पुन्हा सुरू झालं तरी सभा तिथेच राहिली, कारण निम्मे सभासद विरार-बदलापूरला राहायला गेले होते आणि रविवारी लालबागपर्यंत येणं त्यांना नको होतं. त्या बदलाची एक बाजू कोणाच्या लक्षात आली नाही. आमची खोली रिकामी झाली. रविवारी चार वाजता मी पहिल्यांदा आमच्याच दिवाणावर बसले.

कन्सोल त्यानंतर घेतला. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं कापते. रविवारी चार ते सहा मी फुटबॉल खेळते. ऑनलाइन, संघातून, प्रत्येक खेळाडूमागे खरा माणूस. मी गोलकीपर आहे. बाकीच्यांना मी आवाजाने ओळखते, तेही मला तसंच ओळखतात. माझं वय, लग्न, आडनाव यांपैकी काहीही त्यांनी विचारलेलं नाही. गोलकीपरच्या हातात फार काही नसतं. बराच वेळ नुसतं उभं राहायचं आणि चेंडू आला की क्षणात हलायचं. लाईन त्या क्षणाला अडकली तर चेंडू आत जातो आणि दहा माणसांचा खेळ वाया जातो. आमच्या संघाचा नियम साधा आहे: सामना सोडून गेलेला गोलकीपर परत घेत नाहीत.

पहिली तक्रार आवाजाची नव्हती, दृश्याची होती. बाबा छपराच्या कौलांबद्दल बोलत होते. अध्यक्ष मध्येच म्हणाले, "अरे चिटणीस, तुझ्या मागे ता काय हलता?"

"कुठे?"

"मागे रे. टीव्हीत कोणतरी धावतत. आणि समोर कोण बसलाहा? कानाक काय लावलाहा ता?"

"मुलगी आहे," बाबा म्हणाले. "सुट्टी असते तिला आज."

"सुट्टी असते ती असांदे. पण सभा आसा ना ही? देवळाचो विषय चाललोहा आणि मागे फुटबॉल!"

कोणीतरी हसलं. मंडळातल्या वरळीच्या काकांनी विचारलं, "स्कोर काय?" त्यावर जास्त जण हसले. बाबा हसले नाहीत. चिटणीसाच्या सभेत असं हसणं पूर्वी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात बाबा हिंदमाताला गेले आणि पडद्याचं कापड घेऊन आले. निळं, जाड, बारीक फुलांचं. दुकानदाराने हेमिंग करून दिलं होतं. त्यांनी स्वतः खिळे मारून दोरी बांधली आणि आपल्या खुर्चीमागे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पडदा टांगला. म्हणाले, "आता तू तुझं खेळ, मी माझं करतो. कोणाला काही दिसायला नको."

तोडगा प्रामाणिक होता. पण त्या पडद्याच्या आतल्या बाजूला बसल्यावर मला तो गॅलरीच्या दारासारखा दिसला. तेव्हा दार ओढून आम्ही बाहेर असायचो, आता पडदा ओढून आत. पुढच्या सभेत मी तो एका बाजूला सारला आणि खेळायला बसले. बाबांनी मान वळवून पाहिलं. मी हेडफोन लावला.

आईने सभा संपायची वाट पाहिली नाही. तिने स्टुलावर चढून दोरीच सोडली. "बरा कापड आसा," ती म्हणाली. "उशांचे अभ्रे होतीत." झाले. तीन उशांना पुरून एक तुकडा उरला, तो मिक्सरवर घातला.

यानंतर तक्रार लाईनची झाली. बाबांचं चित्र मधूनमधून थांबत होतं. तोंड उघडं, हात वर, तसेच. आवाज तुकड्यातुकड्यांनी जायचा. सभासदांनी त्याचं कारण लगेच शोधून काढलं: चिटणीसाची मुलगी खेळते, म्हणून चिटणीस अडकतो.

आरोप तपासणं हा माझा धंदा आहे. मी तो तपासला. माझ्या सामन्याचा लाईनवर भार पडतो, हे खरं निघालं. पण त्याआधीच्या एका सभेच्या दिवशी मला सुट्टीतून बोलावून घेतलं होतं. मी ऑफिसात होते, कन्सोल बंद होता आणि बाबा तरीही अडकले होते. बाकीचे सगळे मोबाईलवर असतात. अध्यक्ष तर बहुतेक वेळा चालत्या गाडीत असतात, आणि बोगदा आला की सभा थांबते. हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी सभेत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बोगदो सरकारचो आसा. खेळ तुझ्या घरातलो." खुलासा तिथेच संपला. आमच्या धंद्यातही खुलाशाचं फारसं वेगळं होत नाही.

मी बाबांना म्हटलं, "तुम्हीही मोबाईलवर बसा. त्याचं नेट वेगळं आहे."

"चिटणीस मोबाईलवर बसतो?" बाबा म्हणाले. "सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत. हात कोणी वर केला ते कळायला हवं."

"मग कन्सोल चालू राहील."

"महिन्यातून एकदाच तर असते सभा."

महिन्यातून एकदाच तर. गॅलरीत उभं राहायला सांगतानाही हेच शब्द होते. मी तेवढं बोलले आणि कामाला गेले.

मंडळाने मग जे केलं, ते फक्त असं मंडळच करू शकतं. त्यांनी ठराव केला. सभेच्या वेळी सभासदांच्या घरातील इंटरनेटवर चालणारी अन्य सर्व उपकरणे बंद ठेवावीत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. विरारपासून कुलाब्यापर्यंत पसरलेल्या सगळ्या घरांना लागू होणारा ठराव, आणि तो एका दिवाणाकडे पाहून केलेला. सर्वानुमते यात बाबांचं मतही आलं. हात वर न करणं त्यांना जमलं नसावं, किंवा त्या क्षणी ते अडकले असावेत. मी विचारलं नाही.

ठरावाच्या शेवटी आणखी एक वाक्य अध्यक्षांनी तोंडी जोडलं. पुढच्या सभेत खेळ चालू दिसला तर चिटणीस बदलू. बदली माणूसही तयार होता: बदलापूरचा एक तरुण सभासद, कॉम्प्युटरच्या कंपनीत, घरी चांगली लाईन.

म्हणजे आता एका बाजूला माझे रविवारचे दोन तास होते आणि दुसऱ्या बाजूला बाबांचं चिटणीसपद. ते गेलं तर बाबांकडे काय उरतं, हे मला माहीत होतं. सकाळी खाली जाऊन पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी नाक्यावरचा बाक. ज्यांचं पद गेलं अशी माणसं चाळीत बरीच आहेत. ती कशी बसतात ते रोज दिसतं.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय ठरवलंस?"

"खेळणार आहे."

"आणि बाबा?"

"बाबांनी ठरवायचं."

आईने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "इतकी वर्सा त्येंका चाय दिली मी. एकान कधी इचारल्यान नाय, बाय तुका काय वाटता. माझी काय हरकत नाय. पण त्या माणसाक घरात बसवूचा नाय, येवढा बघ."

ते बघायचा एक मार्ग मला दिसत होता. मी ठराव शब्द न् शब्द वाचला. वाक्यं वाचून त्यांत काय आहे आणि काय नाही ते पाहणं, हे मला येतं. रात्रीचं जेवण झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "ठराव सभासदांना लागू आहे ना?"

"हो."

"मी सभासद नाही."

बाबांनी चष्मा काढला.

"कन्सोल माझा आहे. मी सभासद नाही, होऊ शकत नाही, हे मंडळानेच ठरवलं आहे. मग मंडळाचा ठराव मला कसा लागू होतो?"

"घर एकच आहे," बाबा म्हणाले.

"घर एक आहे. माणसं एक नाहीत."

"हे असं सभेत बोललो तर मला हसतील."

"तुम्ही बोलूच नका. मी सांगितलं, एवढंच."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि बातम्या लावल्या.

सभेच्या रविवारी चारला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी दिवाणावर बसले. हेडफोन एका कानावर ठेवला, दुसरा कान सभेसाठी मोकळा. आई बहुतेक वेळा या वेळेला खाली भाजीला जाते. त्या दिवशी ती गेली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

अध्यक्षांनी पालखीच्या वाटेचा विषय घेतलाच नाही. "चिटणीस, मागचा यंत्र बंद आसा काय?"

"नाही," बाबा म्हणाले.

"दिसताच आमका. ठराव झालोहा ना?"

"झाला आहे. ठराव सभासदांसाठी आहे. खेळ मुलीचा आहे. ती सभासद नाही."

बाबा हे वाक्य अडखळत बोलले. पण पूर्ण बोलले. पलीकडे एकदम चार जण बोलायला लागले आणि कोणाचंच नीट ऐकू येईना. वरळीच्या काकांचा आवाज वर आला: "मुद्दो बरोबर आसा रे त्येचो!"

"कसलो मुद्दो!" अध्यक्ष म्हणाले. "वकिली कोणी शिकवल्यान ह्येका, ता समजता आमका. बरा, सभासद नाय तर करूया तिका सभासद. मग तर लागू होतलो?"

"करा," बाबा म्हणाले.

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. मलाही नाही. माझ्या डाव्या बाजूने चेंडू आला आणि मी तो कसाबसा बाहेर ढकलला.

"घरटी एक," अध्यक्ष म्हणाले. "ती येतली तर तू जातलंस. तुझा नाव काढूचा लागतला."

"दोघं राहू."

"एका घरातले दोन कसे रवतले?"

"या घरात एक लाईन आहे," बाबा म्हणाले. "तिच्यावर दोन्ही चालतंय. आत्ता चालतंय."

"चालता खय? अडाकता ना!"

"अडकतं. तरी चालतं."

आणि बाबा अडकले. ते पलीकडच्यांना दिसलं, आम्हाला नाही. आमच्या स्क्रीनवर सगळे चेहरे जिथल्या तिथे थिजले, अध्यक्षांचं बोट हवेत. बाबा "हॅलो, हॅलो" म्हणत होते. माझा खेळही तुटत होता, खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत होते. कन्सोल बंद केला असता तर सभा बहुधा लगेच परत आली असती. माझा हात बटणापर्यंत गेला होता. चिटणीसपद त्या घडीला तिकडे कोणी तरी काढून घेत असेल आणि इथे त्यांना उत्तर देता येत नसेल, असा विचार माझ्या मनात होता.

बाबा मागे वळले नाहीत. थिजलेल्या चेहऱ्यांकडे पाहतच म्हणाले, "बंद करू नकोस."

"बाबा, ते मत घेतील."

"घेऊ देत. तू बघ तुझ्या गोलात."

"खेळ गो," आई म्हणाली. ती येऊन विजेच्या बटणांच्या बोर्डासमोर उभी राहिली होती. कोणापासून बोर्डाची राखण करायची होती कोण जाणे. खोलीत आम्ही तिघंच होतो.

लाईन परत आली तेव्हा मत घेणं चालू झालं होतं. एकेका सभासदाचं नाव घेऊन, बदल हवा की नको. बाबांनी त्यात व्यत्यय आणला नाही. फक्त म्हणाले, "मी ऐकतो आहे. मोठ्याने सांगा." सांगणाऱ्यांपैकी बरेच जण नजर चुकवत होते. या माणसांनी आमच्या खोलीत बसून आमच्या कपातला चहा घेतला होता. वरळीच्या काकांची पाळी आली तेव्हा त्यांच्या मागून बायकी आवाज आला, "नको सांगा! त्यांच्यासारखं कोण लिहितं?" काका म्हणाले, "घरातून नको म्हणतत." अध्यक्ष म्हणाले, "घरातलो आवाज धरूचो नाय." काका म्हणाले, "मग माझोच धर. नको."

बदलाचा ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. चिटणीसपद बदलापूरला गेलं.

आमचा सामना बरोबरीत सुटला. मी एक गोल खाल्ला, तो लाईनमुळे नव्हता. मी चुकीच्या बाजूला गेले होते.

बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. शर्ट बदलला. आईने चहा ठेवला, तिघांपुरता. कोणी कोणाचं सांत्वन केलं नाही. चहा पिताना बाबा म्हणाले, "सभासद तर मी आहेच. तो घरटी एक असतो. तो कोणी काढू शकत नाही."

लोकांनी नंतर मला विचारलं. चाळीतल्या बायकांनी, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने, गावाहून फोन करणाऱ्या आत्येने. दोन तासांच्या खेळासाठी म्हाताऱ्या बापाचं पद घालवलंस? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. पद मी घालवलेलं नाही. ते मत देणाऱ्यांनी काढलं, आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. आत्या म्हणाली, "तरी पण." तरी पण यावर मी आजवर कोणाला उत्तर दिलेलं नाही. द्यायचं आहे असं वाटत नाही.

चिटणीस असताना बाबांना स्वतःचं मत सभेत फारसं मांडता यायचं नाही. ते दुसऱ्यांची मतं नोंदवायचे. आता त्यांना बोलता येतं. नव्या चिटणीसाच्या पहिल्याच सभेत त्यांनी हात वर केला आणि सांगितलं, मुलींच्या सभासदत्वाचा विषय घ्या. अध्यक्ष म्हणाले, शेवटी घेऊ. शेवटी वेळ संपली. पुढच्या सभेत बाबांनी पुन्हा हात वर केला. विषय पुन्हा शेवटी ठेवला आणि वेळ पुन्हा संपली. त्यानंतरच्या प्रत्येक सभेत हेच झालं आहे. बदलापूरची लाईन चांगली आहे, त्यामुळे वेळ लाईनमुळे संपते असं आता कोणाला म्हणता येत नाही. मंडळातल्या आणखी दोन घरांत फक्त मुली आहेत. त्यांचे वडील अजून हात वर करत नाहीत, पण बाबा बोलायला लागले की सभा सोडून जात नाहीत.

मी मागे असते. पडदा नाही. ज्यांना बघायचं ते बघतात. ठराव अजून रद्द झालेला नाही आणि मी तो अजून पाळलेला नाही.

गेल्या सभेत बाबांनी शेवटच्या विषयाआधीच हात वर केला, प्रश्न विचारला आणि खुर्चीत सरळ बसून राहिले. हलले नाहीत. पापणीसुद्धा फारशी नाही. पलीकडे कुजबुज झाली. अध्यक्षांनी स्क्रीनजवळ तोंड आणून विचारलं, "काय रे, अडाकलंस काय परत? त्या खेळामुळे?"

"नाही," बाबा म्हणाले. "लाईन चालू आहे. मी उत्तराची वाट बघतो आहे."